दोन स्टार, पाचवा मित्र आणि थंड पोहे

नमस्कार.

बुकिंगच्या मेसेजमध्ये मी ‘मॅडम’ होते. शुक्रवारी रात्री पाचव्या मित्राचा विषय निघाला तेव्हा ‘ताई’ झाले आणि दोन स्टारांच्या रिव्ह्यूत एकदम ‘ती बाई’. चालायचंच. उत्तर मात्र ताईच्या नात्यानंच देते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पुण्यात एकत्र इंजिनिअरिंग केलेले पाच मित्र, चौघे आता जर्मनीत, पाचवा ऑफिसच्या कामाने भारतातून आलेला. शुक्रवार ते रविवार ॲमस्टरडॅम बघायला आले आणि योर्दान या शहराच्या जुन्या भागातल्या आमच्या घरी, भाड्याच्या खोल्यांत उतरले. त्यांच्या तक्रारी अशा: जिना नव्हे, शिडी आहे. पाचव्याला रात्री हाकलून दिलं. ॲन फ्रँकच्या (महायुद्धात नाझींपासून लपून डायरी लिहिणारी ती मुलगी) घराच्या तिकिटाचं नीट सांगितलं नाही. सायकलला ब्रेकच नव्हता. वरून कसला तरी टॅक्स घेतला. पोहे थंड होते. आणि शेवटी, ‘मराठी माणूस परदेशात गेला की मराठी राहत नाही.’

पाचव्याचं आधी घेते, कारण दोन स्टार खरं तर त्याचेच आहेत.

तुमचं बुकिंग चौघांचं होतं, दोन खोल्या. शुक्रवारी पावणेदहाला दार उघडलं तर पायरीवर पाच जण. ‘ताई, ॲडजस्ट करतो, खाली चादर टाकून झोपेल.’ हे वाक्य मला नवीन नाही. वेंगुर्ल्याला माझ्या माहेरी गणपतीत माडीवर अठरा-अठरा माणसं झोपायची आणि रात्री पाण्याला उठलेल्याची जागा सकाळपर्यंत दुसऱ्याने घेतलेली असायची. पण ते माहेर होतं, हा परवाना आहे. ॲमस्टरडॅम महापालिका राहत्या घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवायला परवानगी देते ती एका वेळी जास्तीत जास्त चौघांची. पाचवा माणूस सोफ्यावर झोपला काय आणि चटईवर झोपला काय, तो पाचवाच. तपासणीला माणसं येतात, दंड हजारो युरोंत असतो आणि परवाना गेला तर माझं दुकानच बंद. शहरात राहायला घरं नाहीत म्हणून इथले लोक आधीच पर्यटकांवर वैतागलेले आहेत, त्यामुळे शेजारीपाजारीही पाहुणे मोजतात. उगाच नाही म्हणत, खरंच मोजतात.

आता ‘हाकलून दिलं’बद्दल. त्या रात्री मी सात ठिकाणी फोन केले. आठव्या ठिकाणी, लेलीलानजवळच्या हॉटेलात, एक खोली मिळाली. तुमच्या मित्राबरोबर मी स्वतः वेस्टरमार्क्टच्या स्टॉपपर्यंत चालत गेले आणि त्याला १७ नंबरच्या ट्रॅममध्ये बसवून दिलं. हे तुम्हाला माहीत नसणार, कारण तुम्ही चौघे तेव्हा खोल्या कुणाला कुठली यावर वाद घालत होता. तो बिचारा वाटेत मला म्हणाला, ‘चूक आमचीच आहे, अकरा वर्षांनी सगळे भेटतोय, मी येणार हे परवाच ठरलं.’ मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण परवा ठरलं तेव्हा मला एक मेसेज टाकला असतात तर मी तेव्हाच जवळपास काहीतरी बघून दिलं असतं आणि निम्म्या पैशात झालं असतं. हॉटेलच्या पैशांची भरपाई मी करणार नाही.

जिन्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. शिडीच आहे ती. ४१ पायऱ्या, आणि पाऊल पूर्ण मावत नाही, तिरकं ठेवावं लागतं. या शहरातल्या जुन्या घरांची जागाच चिंचोळी. पुढून पाच-सहा मीटर रुंद आणि मागे लांबच लांब, त्यात जिन्याला किती जागा सोडणार? म्हणून जिना उभा घातला आणि सामान बाहेरून चढवायची सोय केली. घरांच्या माथ्यावर जो लोखंडी हुक असलेला वासा पुढे आलेला दिसतो ना, तो त्यासाठीच. आजही इथे घर बदलताना सोफा, फ्रीज, पियानो सगळं खिडकीतून आत जातं. भिंती पुढे झुकलेल्या दिसतात त्याचंही एक कारण हेच, वर चढणारं सामान भिंतीला घासू नये. लिफ्ट बसवायचं मनात आणलं तरी जमणार नाही. घर सरकारी स्मारकांच्या यादीत आहे, खिडकीची चौकट बदलायची तरी परवानगी लागते.

तुमच्यापैकी एकाने कठडा समजून जो दोर धरला, तो कठडा नव्हता. तो वरच्या मजल्यावरून खालचं दार उघडायचा दोर आहे. तो ओढला गेला, खाली दार उघडलं आणि दाराला बाहेरून टेकवलेली तुमची २३ किलोची बॅग सरळ आत येऊन आडवी झाली. दोन रात्रींसाठी २३ किलो कशाला, हा प्रश्न मी तेव्हाही गिळला होता.

पण हे सगळं तुम्हाला इथे आल्यावर कळायला नको होतं. जिन्याचा उल्लेख माझ्या पानावर होता तो एकोणिसाव्या ओळीत, ‘पारंपरिक डच जिना’ अशा गोड शब्दांत. वाचणाऱ्याला काय कळणार त्यातून? तुमचा रिव्ह्यू आल्यावर मी तो शब्द काढला. आता पहिलाच फोटो जिन्याचा आहे, वरून खाली काढलेला, आणि खाली लिहिलंय की गुडघे दुखत असतील तर कृपया दुसरीकडे बघा.

ॲन फ्रँकच्या घराचं थोडं तुमच्याकडे, थोडं माझ्याकडे. तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सकाळी दहाला सहा आठवड्यांनंतरच्या तारखा उघडतात आणि भराभर संपतात. दारात उभं राहून काही मिळत नाही. तुम्ही बुकिंग केलंत तीन आठवडे आधी, म्हणजे तुमच्या शनिवारची तिकिटं कधीच गेली होती. हे मी मेलमध्ये लिहिलं होतं, पण ती मेल मीच पुन्हा उघडून वाचली तर कंटाळा आला. कचरा कुठे टाकायचा इथपासून सुरुवात, आणि हा मुद्दा पार तळाशी. आता तीन ओळींचा वेगळा व्हॉट्सॲप जातो. ॲन फ्रँकच्या घराऐवजी मी शनिवारी ज्या पोटमाळ्यावरच्या चर्चला तुम्हाला पाठवलं, ते तुम्हाला ‘टाइमपास’ वाटलं असं लिहिलंय. १६६३ मध्ये, कॅथलिकांना उघड प्रार्थना करायची बंदी असताना, एका व्यापाऱ्याने आपल्या घराच्या माळ्यावर अख्खं चर्च लपवलं. मला तरी तिथे प्रत्येक वेळी काटा येतो. असो, आवड आपली आपली. आणि रिव्ह्यूत एकुलती एक गोष्ट आवडली म्हणून लिहिलीय, सेंट्रल स्टेशनच्या मागून पाण्यापलीकडच्या नूर्ड भागाला जाणारी फुकटची फेरीबोट, ती सूचनाही याच बाईची होती.

सायकल. इथे मात्र मी पूर्ण चुकले. सायकलला ब्रेक होता, पण हँडलवर नाही, पायात. पॅडल मागे दाबलं की चाक थांबतं. इथल्या साध्या सायकली अशाच असतात, मला पंधरा वर्षांत त्याचं नवल उरलेलं नाही, म्हणून सांगायचं राहून गेलं. आपल्याकडे उतारावर पॅडल उलटं फिरवत मजेत जायची सवय, आणि प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरच्या पुलाचा उतार. तुमचा मित्र हँडलवर ब्रेक चाचपत राहिला आणि रेलिंगला लावलेल्या सायकलींची ओळ घेऊन आडवा झाला. कोपर खरचटण्यावर निभावलं, नाहीतर कालव्यात गेला असता. वाकड्या हँडलचे ३५ युरो मी तुमच्याकडून कापून घेतले होते, ते आज परत केले आहेत. ते घ्यायलाच नको होते. आता किल्ली हातात देण्याआधी गल्लीत एक चक्कर मारून दाखवायला लावते.

टॅक्स माझा नाही. मुक्कामाच्या भाड्यावर १२.५ टक्के महापालिकेचा पर्यटन कर आहे, हॉटेल असो की आमच्यासारखं घर. तुमच्या ६४० युरोंवर ८० झाले, तो आकडा बुकिंगच्या पानावर होता. सतराव्या शतकात डच आमच्या वेंगुर्ल्यात वखार घालून बसले होते, तिच्या पडक्या भिंती मी लहानपणी पाहिल्यात. आता मी त्यांच्या गावात बसून त्यांच्यासाठी वसुली करते. हिशोब कसा फिरतो बघा.

राहिले पोहे. रोज ब्रेड, चीज आणि ब्रेडवर भुरभुरायचे चॉकलेटचे दाणे असतात, रविवारी मी हौसेने पोहे करते. नाश्ता दहापर्यंत, तुम्ही खाली आलात पावणेअकराला. झाकून ठेवले होते, गार झाले. मायक्रोवेव्ह हाताशी होता, एक मिनिटाचं काम होतं, आणि मी ते मुद्दाम केलं नाही. कारण शनिवारी रात्री साडेबाराला तुम्ही पाचही जण कालव्याकाठच्या बाकावर बसून गाण्याच्या भेंड्या खेळत होता. पाण्यावरून आवाज किती लांब जातो याची पुण्यात सवय नसते, पण मी दोनदा खाली येऊन सांगितलं होतं. तळमजल्यावरच्या आजी ७८ वर्षांच्या आहेत. सकाळी सातला त्यांनी माझं दार वाजवलं आणि पुढची वीस मिनिटं मी डचमध्ये माफी मागत होते. त्याचा राग पोह्यांवर निघाला. पाहुण्याला गार पोहे वाढणं वाईटच, ते दोन स्टार मला मान्य.

आणखी एक. खालच्या दाराची किल्ली तुमच्यापैकी कुणाच्या तरी जॅकेटात राहिली आहे, निळ्या लाकडी बुटाची कीचेन असलेली. चौघांनीही खिसे बघा आणि पाचव्यालाही विचारा. जाड पाकिटात घालून साध्या पोस्टाने पाठवली तरी चालेल, पोस्टाचे पैसे मी देईन.