गोड खाल्लं का जंत होते

परवा पोळ्याला गावी गेलो आणि माझे पाच वर्षांचे संशोधन मोठ्या बाबांनी एका वाक्यात निकाली काढले, याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरी पुरणपोळीचे जेवण उरकून मंडळी ओसरीवर सुपारी कातरत बसली असता कोणीतरी माझ्या शिक्षणाची चौकशी केली, आणि मी मूर्खासारखे खरे सांगितले: गोलकृमीचा भ्रूण वाढत असताना त्याच्या प्रथिनांवर शर्करेचे रेणू कसे चढतात, हे मी पाहतो.

"म्हंजे जंत अन् साखर," मोठे बाबा म्हणाले. "गोड खाल्लं का जंत होते, हे तं आमच्या बुढीलेही माईत होतं. तुले पाच वर्सं काहून लागून रायले बाप्पा?"

ओसरी हसली. हा पोटातला जंत नव्हे, मातीत जिवाणू खाऊन राहणारा, जेमतेम 1 मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक जीव आहे, अंड्यातून निघताना त्याच्या अंगात 558 पेशी असतात आणि याच्यावरच्या कामाला 2002 साली नोबेल मिळाले, हे मी नको तितक्या चिकाटीने सांगितले. नोबेलवर कोणी मानही वळवली नाही. शेवटी म्हणालो की, कॉन्ड्रॉइटिन नावाची शर्करेची साखळी तयारच झाली नाही, तर अंड्यातली पहिली पेशी दुभंगायला निघते आणि अर्ध्यातून परत एक होते.

मोठ्या बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हंजे वाटणीले बसले, अन् उठून पुन्हा एका चुलीवर आले?"

"तसेच म्हणा."

"मंग हे साखर आपल्या भावकीची बंद कर ना लेका! वावराच्या धुऱ्याची केस बारा वर्सांपासून कोर्टात हाय."

तर्कात खोट नव्हती, हेच अधिक झोंबले. असे भ्रूण जगत नाहीत, हे सांगायचे माझ्या ओठांवर आले होते. पण समोर त्या धुऱ्यापलीकडचे, म्हणजे बांधाच्या पलीकडच्या शेताचे काकाही बसले होते, म्हणून गप्प राहिलो. ज्या कामाची शिष्यवृत्ती चार महिने थकली आहे, ज्यासाठी मी रात्री दोन वाजता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतो, त्याचे गावाला एवढेच आकलन व्हावे!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची आजी नातवाला दंडाला धरून घेऊन आली. "जंतवाल्या डॉक्टरले दाखवाले आनलं," असे तिने माझ्या आईला सांगितले. मी डॉक्टर नाही, हे सांगण्यासाठी तोंड उघडले. पोराच्या मुठीत गुळाचा खडा होता.

"गोड कमी द्या," मी म्हणालो.