राजा मिळेल, गव्हाचं काय?

संक्रांत जवळ आली की मराठी फोनांवर विश्वासराव पुन्हा घोड्यावर बसतात. "ती एक गोळी चुकली असती तर!" की लगेच दिल्लीच्या तख्तावर पुण्याचा माणूस आणि इंग्रज कलकत्त्यात अडकलेले. समोरून उत्तरही ठरलेलं: इतिहासात जर-तरला जागा नसते, पोरखेळ बंद करा. वैताग दोघांचाही येतो. जर-तर खुशाल करा, पण रोजमेळ लिहावा तसं करा. आपल्याकडे त्याचा पोवाडा होतो.

14 जानेवारी 1761 ला फौज पानिपतच्या छावणीतून बाहेर पडली ती उपासमार असह्य झाली म्हणून. दोनेक महिने रसद तुटत आलेली, आणि रसदेचा भार ज्यांच्यावर होता ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेलेले. गोळी चुकवून काय मिळणार? आधी गोविंदपंत वाचवा, मग बोलू.

नमुना म्हणून मी राहतो त्या कॅनडातल्या गवताळ मैदानावर, मॅनिटोबा-सस्कॅचवानच्या पट्ट्यात, एक खोटं राज्य उभं करू. नियम एकच. खोटं एकदाच बोलायचं, पुढचा सगळा माल खरा वापरायचा.

राजा आयता आहे. व्हिक्टोरिया राणीचा तिसरा मुलगा आर्थर 1869-70 च्या हिवाळ्यात माँट्रिअलच्या लष्करी छावणीत होता, वय एकोणीस. त्याच हिवाळ्यात पश्चिमेला रेड नदीकाठी लुई रिएल या स्थानिक पुढाऱ्याने हंगामी सरकार स्थापलं होतं. आपलं खोटं एवढंच, की लंडनने तो मुलूख कॅनडाला न देता आर्थरला गादी म्हणून दिला. फार ओढूनताणून नाही हे. 1867 मध्ये खुद्द कॅनडाला 'किंगडम' म्हणवून घ्यायचं होतं, अमेरिका बिथरेल म्हणून लंडनने 'डोमिनियन' लावलं.

पहिली अडचण पैशाची. मुलूख हडसन्स बे या कातड्यांच्या व्यापारी कंपनीचा, मोबदला 3 लाख पौंड. तो कॅनडाने भरला. आपल्या राज्याच्या गाभ्यात, रेड नदीच्या वसाहतीत, माणसं जेमतेम बारा हजार, त्यात 1868 ला टोळांनी पीक फस्त केलेलं. भरणार कोण? मार्ग भाड्याचा. याच कंपनीला 1670 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने सनद दिली तेव्हा खंड ठरला होता दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर, तेही राजा तिकडे फिरकला तर. मुंबईकरांनी हसू नये. त्याच चार्ल्सने दोन वर्षं आधी मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंडांवर देऊन टाकली होती.

दुसरी अडचण जमिनीची, आणि हौशी मंडळी इथेच आपटतात. नकाशा काढला, रंग भरला, झालं राज्य. 11 ऑक्टोबर 1869 ला कॅनडाचे मोजणीदार रिएलच्या एका नातलगाच्या गवताच्या रानात साखळी ओढत शिरले, आणि रिएलने त्या साखळीवर पाय ठेवला. तिथून सगळं पेटलं. साखळी 66 फुटांची, म्हणजे आपल्या सोळा आण्यांच्या 33 फुटी साखळीच्या दुप्पट; आपली एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. या साखळीने सहा मैल लांब-रुंद टाउनशिप पाडायची, तिचे 36 सेक्शन, दर सेक्शन 640 एकर. रस्त्यासाठी जागा सोडायची ती आधी दीड साखळी, पुढे एक. फ्रेंच आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाच्या मेटी लोकांची शेतं मात्र चौकोनी नव्हतीच. नदीला चिंचोळं तोंड आणि मागे दोन मैल लांब पट्टी, कारण पाणी, लाकूड, गवत प्रत्येकाला हवं. या पट्ट्यांवर चौकोन ठेवला की एकाचं घर एका सेक्शनात, विहीर दुसऱ्यात. तेव्हा आर्थरने आधी नदीकाठच्या पट्ट्या आहेत तशा नोंदवायच्या, मग त्यांच्यामागून चौकोन सुरू करायचे. क्रम उलटा झाला की राजा असो वा ओटावा, उठाव त्याच जागी होणार. सातबाऱ्यावरचं नाव आणि बांधावरचा माणूस जुळेना की काय होतं हे मराठी माणसाला समजावायची गरज नसावी. तरी संक्रांतीला आपण गोळीच मोजतो.

राजधानी रिजायना, म्हणजे सस्कॅचवानची आजची राजधानी, नको. नावाचा अर्थ 'राणी', म्हणून मोह होतो. पण हे नाव 1882 चं, आगगाडी आली तेव्हाचं. त्याआधी इथे गव्याच्या हाडांचे ढीग होते. 1870 चा राजा फोर्ट गॅरी या कंपनीच्या ठाण्यातच बसणार, दोन नद्यांच्या संगमावर, आणि वाडा उंचावर बांधणार, कारण 1826, 1852 आणि 1861 चे पूर लोकांच्या आठवणीत होते.

आणि गहू. रेड फाइफ जात उत्तम, पण उशिरा पिकते. ऑगस्टअखेरच्या दहिवरात सापडली की दाणा सुरकुततो. शिवाय कडक दाण्याचा कोंडा दगडी जात्यात फुटून पिठात मिसळतो. त्याला पोलादी रुळांची गिरणी लागते, ती आली मिनिआपोलिसला, सरहद्दीपलीकडे. मॅनिटोबातून पूर्वेला गव्हाची पहिली खेप गेली 1876 मध्ये, 857 बुशेल, तीही बियाण्यासाठी. बुशेल 60 पौंडांचं, म्हणजे एकूण तेवीस टन. नाशिकच्या कांद्याचे दोन ट्रक! सहा वर्षांच्या राज्याची ही निर्यात. आगगाडीशिवाय ती वाढत नाही, आणि कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीला सरकारने अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर दिले होते. आर्थर कुठून देणार? अमेरिकेतल्या मिनेसोटाकडे हात पसरणार आणि दहा वर्षांत नावापुरता राजा उरणार, असा माझा अंदाज.

एका बाबतीत मात्र खोटं राज्य खऱ्यापेक्षा बरं निघतं. 1871 मध्ये लोअर फोर्ट गॅरीला अनिशिनाबे आणि क्री या मूळ रहिवाशांशी राणीच्या नावाने पहिला करार झाला. तोंडी कबूल केलेले नांगर आणि बैल कागदावर आलेच नाहीत. ते मान्य व्हायला 1875 उजाडलं. माणशी वार्षिक 5 डॉलर तेव्हा ठरले, ते आजही 5 च आहेत. राणी समुद्रापार, म्हणून कुणालाच जाब विचारता आला नाही. तिथून वीस मैलांवर, फोर्ट गॅरीत, आर्थर असता तर त्याच्या दारात जाऊन बैल मागता आले असते.

यावर महाराष्ट्रातून टोमणा येतो, की तुम्ही तर अजून इंग्रजांच्या राजाची प्रजा, आम्हाला काय शिकवता. खरं आहे. इथल्या नागरिकत्वाची शपथ राजा चार्ल्स आणि त्याच्या वारसांशी निष्ठेची असते, आणि 26 जानेवारीला झेंडावंदनाचे फोटो पाठवणाऱ्यांनी ती घेतलेली आहे, मीही. जीभ अडखळत नाही, हेच जास्त खटकतं. मग पानिपतच्या रसदेचा हिशोब मांडत बसायचं, म्हणजे आपण अजून त्या घरातले, असं वाटतं.

खोट्याचं बिल कुठे फाटतं तेही बघा. खरा आर्थर पुढे ड्यूक ऑफ कॅनॉट म्हणून मुंबई फौजेचा सरसेनापती झाला. 1888 मध्ये पुण्याच्या एका समारंभात जोतिराव फुले त्याच्यासमोर शेतकऱ्याच्या वेषात आले, आणि दागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे देश नव्हे, हे त्यांनी त्याला सुनावलं. फोर्ट गॅरीला गादीवर बसवलेला आर्थर त्या दिवशी पुण्यात नाही. तिथल्या खुर्चीवर कोण बसलं असतं आणि जोतिरावांनी तो वेष कुणासाठी चढवला असता, ते आता संक्रांतवाल्यांनी सांगावं.