कसलं पुस्तक दिलासा?

गेल्या रविवारी सकाळी मिसळीचा कट उकळत होता आणि दारात समोरच्या वैनी. चेहऱ्यावरनंच कळलं, साखर मागायला आलेल्या नाहीत.

"वैनी, कसलं पुस्तक दिलासा वो पोरीला? दोन दिवस झालं, धड जेवंना झालीया."

आमच्या कोल्हापुरात 'दिलंत' म्हणायचं ते 'दिलासा' असं होतं. त्या मला झापत होत्या आणि माझं डोकं त्या एका शब्दात अडकून बसलं होतं. तर ते असो.

पुस्तक होतं आनंद यादवांची 'झोंबी', कागलातल्या त्यांच्या स्वतःच्या लहानपणावरची कादंबरी. पोरगी नववीत. शनिवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर गल्लीतली आठ-दहा पोरं पुस्तकं घेऊन बसतात, त्यात ती असते. मी वैनींना आत बोलावलं, मिसळ पुढं केली आणि विचारलं, "तुम्ही दहावीत असताना काय वाचला होतासा?"

"मृत्युंजय."

"रडला होतासा?"

"लई. उशी भिजली हुती."

"मग?"

"ते येगळं वो. ते म्हाभारतातलं."

खरी गोम इथंच आहे. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांच्या कितीतरी पिढ्या मिसरूड फुटायच्या वयात ती वाचत आल्या. कर्णाला जन्मल्या जन्मल्या पाण्यात सोडतात, जन्मभर जातीवरनं हिणवतात, शेवटी रथाचं चाक रुतलेलं असताना मारतात. तो सावरत नाही, जिंकत नाही. तरी 'पोरांच्या मनावर परिणाम होईल' असं म्हणत कुणी ते पुस्तक कपाटात लपवून ठेवलेलं मला आठवत नाही. कारण हस्तिनापूर लांब आहे. कागल मात्र केएमटीच्या बसनं जाण्याएवढं जवळ, आणि 'झोंबी'तला बाप पोराला शाळेतनं काढून मळ्यात राबवतो, बडवतो. असले बाप गल्लीत असतात. दुःख घराजवळ आलं की आपल्याला ते पोरांसाठी 'जड' वाटायला लागतं.

आता वैनींची बाजूही घेते, कारण त्यांची भीती काही अगदीच पोकळ नाही. दुःखाचा बाजार मांडणारंही बरंच लिहिलं-दाखवलं जातं. 'थर्टीन रीझन्स व्हाय' या किशोरांसाठीच्या कादंबरीवर नेटफ्लिक्सनं २०१७ साली मालिका काढली. त्यात मुलीच्या आत्महत्येचा प्रसंग इतका उघडा दाखवला होता की डॉक्टर लोकांनी ओरड केली, आणि २०१९च्या जुलैत कंपनीला तो कापावा लागला. जखम दाखवणं वेगळं आणि ती कॅमेरा जवळ नेऊन नेऊन दाखवणं वेगळं. एवढं मला मान्य.

पण माझं खरं भांडण दुसऱ्याच पुस्तकांशी आहे. ती कुणालाच जड वाटत नाहीत, बक्षीस समारंभात हमखास वाटली जातात. पहिल्या प्रकरणात बाप जातो, तिसऱ्यात आई धुणीभांडी करते, पाचव्यात पोरगा दिव्याखाली अभ्यास करतो आणि शेवटच्या पानावर गळ्यात हार. मधल्या पानांत त्याला एकदाही वाईट स्वप्न पडत नाही, तो कुणावर उगाच खेकसत नाही, अंथरूण ओलं करत नाही. शब्द एकच: जिद्द. या शहराला तर हा शब्द फारच आवडतो. तालमीत जिद्द, फुटबॉलला जिद्द, पूर आला तरी जिद्दच.

पुराचं सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. धोका पातळी ४३ फुटांची. आमचं घर तेव्हा शुक्रवार पेठेत, तळमजल्यावर. सोळा दिवस नणंदेकडं राजारामपुरीत राहिलो. परत आलो तेव्हा माझ्या लहानपणापासून जपलेल्या 'किशोर'च्या अंकांचा एक चिकट लगदा झाला होता, फावड्यानं काढावा लागला. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची. ती रडली नाही. सगळे म्हणाले, काय धीराची पोरगी! दोन वर्षांनी, २०२१च्या जुलैत, पुन्हा तेच पाणी. मग आम्ही ते घर सोडलं.

आता ती पंधरा वर्षांची आहे. आम्ही राहतो तिथं पाणी यायचा प्रश्नच नाही, तिसरा मजला. तरी दर पावसाळ्यात मोबाईलवर '३९ फूट, इशारा पातळी' असं आलं की ती गुपचूप उठते आणि सगळी पुस्तकं माळ्यावर चढवते. काही बोलत नाही. पाणी उतरलं की खाली काढते. मागं एकदा असंच एक हारवालं पुस्तक वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "आई, ह्यातल्या पोराला सगळं इतक्या पटकन बरं कसं वाटतं?" मला उत्तर देता आलं नाही. सहा वर्षांनीही पुस्तकं माळ्यावर चढवणारी पोरगी तिला कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती.

हवाई बेटांमधल्या कवाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कितीतरी वर्षं नजर ठेवली होती. गरिबी, घरात दारू, भांडणं, असं सगळं वाट्याला आलेली मुलं त्यात साधारण एक तृतीयांश. त्यातलीही एक तृतीयांशाच्या आसपास चांगली उभी राहिली. का, तर त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे प्रत्येकाला जीव लावणारं निदान एक मोठं माणूस होतं. आईबापच असं नाही. आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. आणि जी तेव्हा बिथरली, त्यातलीही बरीचशी पुढं तिशी-चाळिशीत सावरली. म्हणजे दहाव्या प्रकरणात नाही, वीस वर्षांनी!

आता हे डोक्यात ठेवून 'झोंबी' पुन्हा उघडा. आपण म्हणतो, आनंदा जिद्दीनं शिकला. शिकला, पण कसा? त्याची आई त्याला घेऊन, नवऱ्याला चुकवून, गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडं जाते. दत्ताजीराव बापाला बोलावून सुनावतात. मग तडजोड होते: सकाळी अकरापर्यंत मळ्यात काम, नंतर शाळा. शाळेत कविता म्हणून दाखवणारे सौंदलगेकर मास्तर भेटतात आणि पोराला कळतं की कविता करणारी माणसंही आपल्यासारखीच असतात. आई, दत्ताजीराव, मास्तर. ही तीन माणसं पुस्तकातनं काढा आणि मग नुसत्या जिद्दीवर तो कुठवर जातो ते सांगा मला.

म्हणून पोराच्या जिद्दीचं फार कौतुक चाललं की मला संशय येतो. त्यात आपली, मोठ्यांची, सुटका असते. या शहराला तरी हे वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं, म्हणजे वसतिगृहं, उभी करायला मदत केली, आणि १९१७ साली पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला. पोरांना जिद्दीची व्याख्यानं देत बसले नाहीत. (आणि महाराज दत्तक आले ते कागलच्याच घाटग्यांकडून, त्याच कागलात पुढं आनंदाला शाळेसाठी बापाशी झोंबावं लागलं. दंड होता म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही.)

त्या पुस्तकाचं नाव मला फार आवडतं. कुस्तीत निकाल लागतो, कुणीतरी चितपट होतं. झोंबी म्हणजे नुसतं भिडून राहणं, निकाल लागेलच असं नाही. तेरा ते अठरा वयाच्या पोरांसाठी मराठीत आधीच फार थोडं लिहिलं जातं. फास्टर फेणे संपला की पोरं थेट मोठ्यांच्या जाड कादंबऱ्यांत उडी मारतात. जे लिहिताहेत त्यांना एवढंच म्हणणं आहे, पोराला शेवटी हार घालू नका. त्याला कुणी भाकरी दिली, कुणी दार उघडलं नाही, ते लिहा.

वैनी मिसळ खाऊन गेल्या. पटलं असं काही म्हणाल्या नाहीत. "पोरीला विचारलासा का, का जेवंना ते?" असं मी विचारलं होतं, त्यावर त्या गप्प झाल्या.

काल शनिवारी पोरगी आली. कोपऱ्यात बसली, काही वाचलं नाही. जाताना चपला घालता घालता विचारलं, "काकी, ते दत्ताजीराव खरंच हुते?"

मी म्हटलं, होते की. ती बरं म्हणाली आणि जिना उतरली. 'का गं?' एवढं विचारायचं मला सुचलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. आज दुपारी तिच्याकडं जाणार आहे.

जाता जाता: कुणाकडं 'किशोर'चे जुने अंक पडून असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. ठेवायला माळा आहे.