सही कुणाची चालणार?

साठी ओलांडलेल्या आम्हा समलिंगी मंडळींना आता कलम ३७७ ची (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या) नाही, आयसीयूची धास्ती वाटते. ६ सप्टेंबर २०१८ ला आम्ही गुन्हेगार उरलो नाही, पेढे वाटले. पण शुद्ध हरपली तर आपल्या वतीने बोलणार कोण? काउंटरवर विचारतात, "पेशंटचे तुम्ही कोण?" अर्धं आयुष्य एका घरात काढलेला माणूस म्हणतो, "मित्र." लगेच पुढचा प्रश्न : "घरचं कोणी नाही का?"

"मुखत्यारपत्र करून ठेवा," असं हुशार लोक सांगतात. काही उपयोग नाही. देणाऱ्याचं भान गेलं की करार कायद्याप्रमाणे तेही संपतं. ज्या दिवशी लागणार, नेमकं त्याच दिवशी बाद!

लिव्हिंग विल, म्हणजे आशा संपल्यावर नुसतं यंत्रावर जगवू नका असं आधीच लिहून ठेवणं, मात्र खरंच सोपं झालंय. आधी न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंत जावं लागायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पालक (गार्डियन) किंवा जवळचे नातेवाईक म्हणून एकाहून जास्त नावं देता येतात. मी पहिलं नाव जोडीदाराचं घातलं, दुसरं पुतण्याचं. पुतण्या म्हणाला, "काका, मी सही करीन ती त्यांना विचारूनच." गुणी पोरगा. सगळ्यांच्या नशिबी असा नसतो.

आता यातली मेख बघा. हा कागद कामाला येतो तो बरं होण्याची आशा संपल्यावर. म्हणजे माझा व्हेंटिलेटर काढायला माझ्या जोडीदाराची संमती चालेल; पण मी वाचण्यासारखा असलो, तर ऑपरेशनच्या कागदावर सहीसाठी पुतण्याची वाट बघणार!

आणि हे कायद्यात बसवता येत नाही, असं कुणी सांगू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम १४ : सज्ञान असलेल्या कुणालाही आपला प्रतिनिधी नेमा, रक्ताचं नातं लागत नाही. मग हार्ट अटॅकलाच का लागावं?

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात आमचा लग्नाचा हक्क नाकारला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहिलं, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. नसतील तर! वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेला भाऊ उगवला, की आपण पुन्हा "मित्र". (घरच्यांच्या दडपणाखाली लग्न केलेल्यांचं तर विचारूच नका, तिथे बायको-मुलंही आहेत, आणि त्यांचीही बाजू आहे.) हिजडा समाजात गुरूचं म्हातारपण चेले काढतात, पण ॲडमिशनच्या फॉर्मवर त्या नात्याला कोण विचारतो?

मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं, की कुटुंब लग्नाशिवायही होतं, निवडूनही होतं. मला तेवढंच कलम १४ सारखं कलम सगळ्या आजारांसाठी हवंय. ते फक्त आमच्या कामाचं आहे असंही नाही. कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये विचारा : मुलं न्यू जर्सीत, आणि रात्री दोनला रिक्षा काढून हॉस्पिटलात नेणारा शेजारी. त्याची तरी सही कुठे चालते?