शेजाऱ्याचा पगार बघा, पण नाव कळेल

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच भांडण पेटतं. एक गट म्हणतो, टक्के जाहीर करणंच बंद करा, चौकातले फ्लेक्स उतरवा, पोरं खचतात. दुसरा म्हणतो, चुरस नसेल तर पोरं लोळत पडतील. २०२५ला कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून २११ मुलांना शंभर टक्के पडले, तेव्हा ९४वालीच्या आईनं पेढे वाटावेत की नाही, यावर अर्धी रात्र गेली. मी नॉर्वेत, स्टाव्हांगरला बसून सगळं वाचतो, आणि लिहायचं म्हटलं की गप्प बसतो.

‘लपवा’वाल्यांचं मला पटत नाही. बोर्डानं गुणवत्ता यादी केव्हाच बंद केली. तिच्या जागी क्लासवाल्यांचे फ्लेक्स आले, एवढंच झालं.

इथे नॉर्वेत तर उलटाच कारभार. कुणाचंही उत्पन्न, संपत्ती आणि भरलेला कर तुम्ही पाहू शकता. कर खात्याच्या साइटवर बँकेच्या आयडीनं शिरायचं आणि नाव टाकायचं. पूर्वी या याद्या कचेरीत जाऊन चाळाव्या लागत. २००१ला वर्तमानपत्रांनी त्या इंटरनेटवर चढवल्या आणि गावभर उद्योग सुरू झाला. पेरेझ-त्रुग्लिया नावाच्या अर्थतज्ज्ञानं पुढे हिशेब मांडला: त्यानंतर श्रीमंत आणि गरिबांच्या आनंदातली दरी २९ टक्क्यांनी वाढली. आपण नेमके कितव्या पायरीवर आहोत, हे कळलं ना!

मग २०१४ला नियम बदलला. आकडे उघडेच राहिले. फक्त तुम्ही कुणाला शोधलंत, तर त्याला तुमचं नाव दिसणार. डोकावणारे धडाधड कमी झाले.

मी मात्र डोकावलो. नियम माहीत असून. आमच्याच कंपनीत, माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला एक मित्र आहे. त्यानं समुद्राकडे तोंड असलेलं घर घेतलं, आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. रात्री साडेअकराला, बायको झोपल्यावर, त्याचं नाव टाकलं. उत्पन्न माझ्यापेक्षा कमी. संपत्ती शून्य. इतका हलका झालो की फ्रिजमधलं श्रीखंड काढून उभ्या उभ्या खाल्लं.

गणपतीत मंडळाच्या जेवणाला तो मोदकावर तूप ओतत हळूच म्हणाला, “काय रे, कळलं का किती मिळतात? विचारलं असतंस तर सांगितलं असतं.” कान तापले. मग त्यानंच समजावलं: तो आकडा पगार नव्हेच. कर्जाचं व्याज वगैरे वजा होऊन उरलेली रक्कम ती. संपत्तीत राहतं घर बाजारभावाच्या चौथ्या हिश्शानं धरतात आणि कर्ज मात्र पुरतं वजा होतं, म्हणून शून्य. म्हणजे मी ज्यावर श्रीखंड खाल्लं, तो आकडाच भलता होता.

नॉर्वेजियन माणसं तुलना करत नाहीत, असं कुणी सांगितलं तर हसा. ईस्टरला कोण किती किलोमीटर स्की करून आला, डोंगरातल्या केबिनला वीज-पाणी आहे का, हे ती बरोबर काढून घेतात. आपली मराठी मंडळी बाणेरच्या फ्लॅटचे भाव काढतात. पण ग्रुपवरच्या भांडणात मला हाच तिसरा रस्ता सुचतो. टक्के लपवू नका, मिरवूही नका. ज्याला शेजारच्या पोराचे गुण हवेत, त्यानं दार वाजवून, तोंडावर विचारावेत. निम्मे तर उंबऱ्यावरूनच परत फिरतील.

हे अजून ग्रुपवर टाकलेलं नाही. टाकलं तर मोदकाची गोष्टही सांगावी लागेल, आणि त्या रात्री घरी आल्यावर काय केलं तेही. मला कोणी कोणी शोधलंय, ते पान उघडलं. चांगली लांबलचक यादी असणार, अशी खात्री होती.

एकही नाव नव्हतं.