तक्रार परवडावी लागते

गरिबीत वाढलेल्या माणसांना अन्यायाची सवय होते, म्हणून ती तक्रार करत नाहीत, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं अर्धंच पटलं. आम्ही लालबागच्या चाळीतले. १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी संप सुरू झाला आणि वडिलांचा पगार थांबला तो थांबलाच. रेशनवर माप कमी पडतंय हे आईला समोर दिसायचं, तरी ती बोलायची नाही. ती सवय नव्हती, हिशेब होता. दुकानदार बिथरला तर पुढच्या खेपेला रॉकेल नेमकं आमच्याच वेळी संपणार!

हीच बाई नळावर कुणी नंबर मोडून हंडा पुढे सरकवला की अख्खा मजला डोक्यावर घ्यायची. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या पुढारी बायकांबरोबर महागाईविरोधात लाटणी घेऊन उतरलेल्या बायका आठवा. एकटीने गप्प राहायचं, दहाजणी जमल्या की गप्प बसायचं नाही, इतकं ते सरळ होतं.

माझा मुलगा ॲपवरून मागवलेलं जेवण गार आलं तरी पैसे परत मागतो, मिळतातही. मला जमत नाही. आणणाऱ्या पोराचे कापले जातील का, हेच आधी मनात येतं. (मुलगा म्हणतो, कापत नाहीत. असेल.) मात्र सोसायटीत वॉचमनचा पगार रखडला की मीटिंगमध्ये मी उभा राहतो, तेव्हा हाच खालून शर्ट ओढतो, "पप्पा, बसा ना, आपल्याला काय करायचंय?"