ब्राउझर पुन्हा बसवल्याने बिघडलेला कॅशे जात नाही

‘ब्राउझर गोठत असेल तर तो काढून नव्याने बसवा, ब्राउझिंग डेटा पुसताना सगळ्या चौकटींवर खूण करा आणि कॅशे रोज साफ करा’ असा संदेश सध्या गोव्यातल्या आमच्या फोंड्यातील व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत आहे. कॅशेच्या, म्हणजे पाने लवकर उघडावीत म्हणून ब्राउझर संगणकावर साठवून ठेवतो त्या, फायली बिघडल्या की ब्राउझर अडकू शकतो, एवढे त्यात खरे आहे. तिन्ही उपाय मात्र चुकीचे आहेत.

विंडोजवर क्रोम काढताना ब्राउझिंग डेटाही पुसण्याचा पर्याय निवडला नाही, तर ‘युजर डेटा’ हे आपली सगळी माहिती साठवणारे फोल्डर जागेवरच राहते आणि नव्याने बसवलेला क्रोम तेच फोल्डर, बिघडलेल्या कॅशेसकट, वापरू लागतो. जूनच्या पहिल्या पावसात वीज तीनदा गेली आणि शेजारच्या काकांचा यूपीएस (वीज गेल्यावर काही वेळ वीज पुरवणारे उपकरण) नसलेला संगणक चालू कामात बंद पडला. त्यानंतर एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढायला बसले की क्रोमची खिडकी पांढरी होऊन थिजायची. त्यांनी क्रोम पुन्हा बसवला, पण खात्यात साइन इन करण्याआधीच जुने बुकमार्क ओळीने समोर आले, म्हणजे काहीच पुसले गेले नव्हते. साठवलेला कॅशे न वापरणाऱ्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत तेच पान सुरळीत चालत होते आणि एक्स्टेंशन, म्हणजे क्रोमला जोडलेले पूरक प्रोग्रॅम, एकही नव्हते, त्यामुळे संशय कॅशेवर आला. आम्ही टास्क मॅनेजरमधून क्रोम पूर्ण बंद केला, ‘युजर डेटा’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातील ‘कॅशे’ आणि ‘कोड कॅशे’ यांची नावे बदलली, आणि क्रोमने ती दोन्ही फोल्डरे स्वतःच नव्याने तयार केली. बुकमार्क व पासवर्ड वेगळ्या फायलींत असतात, त्यामुळे त्यांना धक्का लागला नाही, आणि उतारा त्याच दुपारी निघाला.

ब्राउझर थोडाफार चालत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून कालावधी ‘सर्व वेळ’ ठेवावा आणि केवळ कॅशे केलेल्या प्रतिमा व फायली यांवर खूण करावी. कुकीजही, म्हणजे आपले लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदीही, पुसल्या तर बहुतेक संकेतस्थळांवरून आपण बाहेर पडतो, आणि ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो मुलाकडे पणजीला असलेल्या ज्येष्ठांची त्यामुळे किती अडचण होते, हे मी पाहिले आहे.

रोज कॅशे पुसल्यास तीच चित्रे व फायली पुन्हा उतरवाव्या लागतात, त्यामुळे पाने उलट सावकाश उघडतात. कॅशे वरचेवर बिघडत असेल, तर डिस्क भरली आहे का ते पाहावे, डिस्कमधील चुका तपासणारे विंडोजचे ‘चेक डिस्क’ चालवावे आणि पावसाळ्यापूर्वी यूपीएस घ्यावा.